चौकटींचा कागद

तीन महिन्यांत दोन चष्मे झाले.
पहिला गुढीपाडव्याला घेतला,
अक्षय्य तृतीयेपर्यंत तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वागू लागला.
दुसऱ्यातून सकाळी अख्खं नेरूळ दिसतं,
जेवण झालं की नेरूळवर
कुणीतरी ट्रेसिंग पेपर पसरतं.
समोरच्या सोसायटीचं नाव नुसतं निळं होतं.

तिसरा चष्मा करून द्यायला शकीलने नकार दिला.
दुकानदार असून.
म्हणाला, "सावेकाका, काचेचा दोष नाही,
तुमचा नंबर बसतच नाहीये.
साखर कधी बघितली शेवटची?"
मी म्हटलं, डब्यात आहे, वर्षभराची.
तो हसला नाही.

उपाशीपोटी दोनशे चौदा.
तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक आठ.
आकड्यांना मी घाबरत नाही. जन्मभर आकडेच लिहिले,
पॉइंट दोनच्या पेनने, एकही कलू न देता,
बेलापूरच्या ड्रॉइंग हॉलमध्ये,
जिथे साडेदहाला, बाराला, तीनला आणि साडेचारला
चहा यायचा, चमचा उभा राहील असा.
शाई वाळेपर्यंत करायचं काय माणसाने?

डॉक्टर थळे. असेल बत्तिशीची.
थेंब घालण्याआधी तिने हातात एक कागद दिला.
बारीक चौकटी, मधोमध काळा ठिपका.
"एक डोळा झाका. ठिपक्याकडेच बघा.
रेषा सरळ दिसतात का, सांगा."

कुणाला विचारतेस, बाई.
हे शहर जमिनीवर यायच्या आधी
माझ्या टेबलावर सरळ झालं.
खाडीचा एक फाटा होता, सारसोळ्याच्या अंगाला,
भरतीला आत शिरायचा, ओहोटीला वाट बदलायचा,
कुठल्याच शीटवर बसायचा नाही.
साहेब म्हणाले, सरळ घे.
मी पट्टी ठेवली आणि घेतला,
श्वास रोखून, एका ओढीत.
आता तिथे गटार आहे. काटकोनात वळतं.

उजव्या डोळ्याने सगळं सरळ.
डाव्याने, ठिपक्याच्या जरा खाली,
दोन रेषा वाकल्या होत्या.
थोड्या वाकून पुन्हा आपल्या जागी येत होत्या,
वाटेत काही असल्यासारख्या.

मी म्हटलं, सरळ आहेत.
आणि लगेच, काहीतरी विचारायचं म्हणून,
"तुम्ही मूळच्या कुठल्या?"
"इथलीच. सारसोळ्याची.
आजोबांची होडी म्हणे परसदारी लागायची."
कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती आवाजात.
"परत बघा, काका. डावा."

मी पेन्सिल मागितली.
आणि जिथे वाकल्या होत्या, तिथे त्या वाकड्याच काढल्या,
पट्टी न लावता, हात थोडा कापत.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
दिसलं तसं काढलं.

मग थेंब. मग अर्धा तास बाकावर.
बाहुल्या विहिरीएवढ्या झाल्या, दाराचं ऊन
थेट तळाशी पडू लागलं.
तिने आत उजेड सोडून बराच वेळ पाहिलं.
म्हणाली, पडद्यावर सूज आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील.
वरखाली होणारी धूसर साखरेची, ती जाईल,
ही दुसरी किती जाईल ते आज नाही सांगत.
साखर उतरू दे, हळूहळू, एकदम नाही.
ती एका जागी थांबली की मग चष्मा.

रिक्षात डोळे मिटूनच बसलो.
घरी विमलने बिनसाखरेचा चहा दिला, तो चहा नव्हे.

कागद फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली,
लाइटबिलाच्या शेजारी.
रोज सकाळी उजवा डोळा तळव्याने झाकून
त्याच्यासमोर उभा राहतो.
विमल पोळी लाटता लाटता विचारते, आज?
मी बोट ठेवून दाखवतो:
इथून. इथून आत येतंय.